मान मोटारीला, विस्मरण हातांचे

संस्थानिकांचे तनखे १९७१ साली गेले. त्यांच्या मोटारींचा मानमरातब मात्र अद्याप शाबूत आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या खासगी मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय केली. शुल्क २०,००० रुपये. या मोटारी रोजच्या वापरासाठी नसतात, तेव्हा त्यांना वेगळा नियम असावा हे रास्तच. यंत्रविद्येचा इतिहास जपलाच पाहिजे.

पण इतिहास कोणाचा? मुंबईत टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे ठरलेले. कुर्ल्याच्या कामगारांनी घडवलेली, हजारो चालकांचे संसार ओढणारी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. एक तरी गाडी जतन करा, अशी विनवणी चालकांच्या संघटनेला करावी लागली. राजाची गाडी आपोआप वारसा ठरते. श्रमिकाच्या गाडीला अर्ज करावा लागतो!

आणि हा वारसा टिकवतो कोण? मिळेनासे झालेले सुटे भाग लेथवर कातून देणारा, गंजलेला पत्रा ठोकून सरळ करणारा, आसने शिवणारा कारागीर. संचलनातील चषक मालकाला मिळतो. कारागिराच्या वाट्याला बहुधा ना नियुक्तिपत्र येते, ना भविष्यनिर्वाह निधी. त्याची विद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकवली जावी, त्याच्या श्रमाला कायद्याचे संरक्षण मिळावे आणि सार्वजनिक संग्रहालयात रोल्स-रॉइसशेजारी काळी-पिवळी टॅक्सी उभी राहावी. तोवर या जतनाला हौस म्हणावे; समाजाचा वारसा म्हणू नये.