आकाशातील पूल कोणासाठी?

ग्रीस देशातील बेटांवर सुट्टी घालवण्यासाठी थेट विमानाने जाण्याची प्रथा युरोपात आता इतकी रुळली आहे की, तिचे कोणास नवल वाटत नाही. लंडन किंवा बर्लिन येथे सकाळी विमानात बसलेला मनुष्य दुपारी ऱ्होड्स किंवा कॉस बेटाच्या किनाऱ्यावर असतो. वाटेत राजधानी अथेन्सचे दर्शनही त्याला घ्यावे लागत नाही. २०२५ मध्ये इंडिगो कंपनीने मुंबई व दिल्ली येथून अथेन्सपर्यंत थेट सेवेची घोषणा केली, तेव्हा या बेटांची वाट मुंबईकरांसाठीही एका टप्प्याने आखूड होणार हे स्पष्ट झाले. म्हणूनच या सोयीचे कौतुक करीत असतानाच ती नेमकी कोणाच्या पदरात पडते, हेही विचारणे अगत्याचे आहे. आमच्या मते हा आकाशातील पूल पाहुण्यासाठी बांधला गेला आहे. घरधन्याने त्यावरून केव्हा व कसे जावे, याचा विचार फार थोड्यांनी केला.

विमानाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. एजियन समुद्रातील ही बेटे दिसायला रमणीय असली, तरी त्यांचा इतिहास दारिद्र्याचा व देशांतराचा आहे. कालिम्नोस बेटाचे पाणबुडे समुद्रातील स्पंज काढण्याची आपली विद्या घेऊन फ्लोरिडात स्थायिक झाले. किथिरा बेटाची कुटुंबेच्या कुटुंबे ऑस्ट्रेलियास गेली. १९५६ च्या भूकंपानंतर सँटोरिनीच्या अनेक रहिवाशांनी बेट सोडले. व्लादिमीर राइट्झ या उद्योजकाने १९५० मध्ये भाड्याच्या विमानातून पर्यटकांना कॉर्सिका बेटावर नेले आणि प्रवास, मुक्काम व जेवण एकाच रकमेत देण्याची पद्धत सुरू केली. पुढे हीच पद्धत ग्रीसच्या बेटांपर्यंत पोहोचली आणि तेथील तरुणास घरीच रोजगार मिळू लागला. सुमारे एक कोटी चार लक्ष लोकवस्तीच्या या देशात २०२४ मध्ये चार कोटींहून अधिक पाहुणे आले. हे उपकार नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा होय.

परंतु या विमानांचे पंचांग पाहिले म्हणजे दुसरी बाजू ध्यानात येते. एप्रिलच्या सुमारास परदेशांहून येणारी ही विमाने सुरू होतात आणि ऑक्टोबर संपताना बहुतेक बंद पडतात. असतील शिते तर जमतील भुते, हा न्याय तेथे अक्षरशः चालतो. हिवाळ्यात मोठ्या बेटांना अथेन्सहून येणाऱ्या मोजक्या विमानांचा व बोटींचा आधार उरतो. लहान बेटांना पुष्कळदा केवळ बोटींचा. वारा पिसाळला की बंदर अधिकारी बोटी सोडण्यास मनाई करतात. अशा दिवशी एखाद्या वृद्धास अथेन्सच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावयाचे असले, तर त्याने वारा पडण्याची वाट पाहावयाची. ज्या धावपट्टीवर ऑगस्टमध्ये उतरण्याच्या वेळा पुरत नाहीत, तीच धावपट्टी जानेवारीत बहुतेक ओस असते.

बरे, उन्हाळ्यात तरी घरधनी सुखी आहे काय? सँटोरिनीची कायम वस्ती पंधरा हजारांच्या आसपास आहे आणि २०२३ मध्ये तेथे आलेल्या पाहुण्यांची संख्या चौतीस लाखांच्या घरात होती. पिण्यासाठी व वापरासाठी समुद्राचे पाणी गोडे करून घ्यावे लागते. राहती घरे आठवड्याच्या भाड्याने पाहुण्यांस दिली जातात आणि बेटावर बदली होऊन आलेल्या शिक्षकास वा डॉक्टरास घर मिळणे कठीण होते. ज्या गावात शिक्षकाला घर मिळत नाही, त्या गावाची भरभराट किती खरी मानावी?

संकटकाळी हा भेद अधिक उघडा पडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही जुनी ब्रिटिश प्रवासी कंपनी बुडाली. ग्रीसमध्ये त्या वेळी तिचे सुमारे पन्नास हजार पर्यटक अडकले होते. ब्रिटिश पर्यटकांना मायदेशी नेण्यासाठी त्यांच्या सरकारने विमाने धाडली. ते योग्यच झाले. मात्र बेटांवरील हॉटेलवाल्यांची थकलेली बिले तशीच मागे राहिली. याच कंपनीची विमाने गोव्यालाही येत असत, त्यामुळे त्या धक्क्याची झळ गोव्याच्या व्यावसायिकांनाही पोहोचली. पाहुण्याच्या परतीची हमी होती. यजमानाच्या येण्याची नव्हती, हाच त्या प्रसंगाचा धडा आहे.

विमान कंपन्या म्हणतील, हिवाळ्यात उतारू नसतात आणि आम्ही धर्मादाय संस्था नव्हे. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. म्हणूनच ही जबाबदारी सरकारची ठरते. आणि ती पेलण्याची साधने ग्रीस सरकारपाशी नाहीत असे कोण म्हणेल? तोट्यातील आवश्यक मार्गांना सरकारी साहाय्य देण्यास युरोपीय संघाचा कायदा मुभा देतो आणि काही लहान बेटांना तसे साहाय्य मिळतही आहे. बेटवासीयांच्या भाड्याचा जादा बोजा काही अंशी परत करण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. २०१७ मध्ये सँटोरिनी, कॉस, ऱ्होड्स यांसह चौदा विमानतळ चाळीस वर्षांसाठी फ्रापोर्ट या जर्मन कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाकडे गेले, तेव्हा सरकारच्या हाती आरंभीच एक अब्ज तेवीस कोटी युरो पडले. जुलै २०२५ पासून समुद्रसफरीच्या जहाजांतील उतारूंकडून सँटोरिनी व मिकोनोस येथे ऐन हंगामात माणशी वीस युरो घेण्याचे ठरले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सँटोरिनीला भूकंपाच्या धक्क्यांनी हैराण केले, अकरा हजारांवर माणसे बेट सोडून निघाली, तेव्हा भर हिवाळ्यात जादा विमानेही सोडण्यात आली. जे संकटाच्या आठवड्यात शक्य झाले, ते नेहमीच्या हिवाळ्यात अगदीच अशक्य कसे?

उन्हाळ्यात या बेटांवर उतरणाऱ्या पाहुण्यांकडून जे उत्पन्न सरकारास मिळते, त्याचा एक ठरलेला हिस्सा त्याच बेटांची हिवाळी विमाने, पाणी आणि शिक्षक-डॉक्टरांची घरे यांसाठी कायद्याने राखून ठेवला पाहिजे. तो अथेन्सच्या तिजोरीत विरघळून जाता कामा नये. आपल्या वाचकांपैकी जे तेथे जाणार असतील, त्यांनी अवश्य जावे. मात्र ऑगस्टच्या गर्दीत भर घालण्यापेक्षा मे किंवा ऑक्टोबर महिना निवडावा आणि माणशी काही युरो अधिक द्यावे लागले, तर कुरकुर करू नये. आपण परतल्यावरही त्या बेटावर माणसे राहणार आहेत. शेवटचे विमान उडून गेल्यानंतर त्यांचा हिवाळा कसा जातो, यावरूनच या पुलाची खरी किंमत ठरेल.