१९७१ चा हिशेब मिटला, असे कोण ठरवणार?



पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये ढाक्यात जाऊन सांगितले, की १९७१ चा प्रश्न केव्हाच मिटला आहे. दाखला दिला १९७४ च्या कराराचा. बांगलादेशच्या परराष्ट्र सल्लागारांनी ते त्याच दिवशी नाकारले. पण त्या करारावर भारताचीही सही आहे. मग उत्तर एकट्या ढाक्याने द्यायचे आणि दिल्लीने ऐकत बसायचे, हे मला मुळीच पटत नाही.

३१ मार्च १९७१ रोजी, पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात सुरू केलेल्या कत्तलीला आठवडाही उलटला नव्हता तेव्हा, इंदिरा गांधींनी मांडलेला ठराव आपल्या संसदेने एकमताने मंजूर केला. पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, चालले आहे तो वंशसंहारच ठरतो, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. अमेरिकेला मात्र हे म्हणवले नाही. ढाक्यातील त्यांचेच कॉन्सल जनरल आर्चर ब्लड तारांवर तारा पाठवत होते. पण पाकिस्तान दोस्त होता, आणि निक्सन-किसिंजर यांना त्याच्याच मार्फत चीनशी संधान बांधायचे होते. शेवटी ब्लड यांचीच ढाक्यातून उचलबांगडी झाली.

तीन वर्षांनी आपणही दोस्तीच्या हिशेबात अडकलो. ९ एप्रिल १९७४ च्या दिल्ली करारानुसार, वंशसंहार व युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांसाठी वेगळे काढलेले १९५ पाकिस्तानी युद्धकैदी खटल्याविना मायदेशी गेले. पाकिस्तानने काय केले? गुन्हे घडले असतीलच तर त्यांचा निषेध आणि खेद, एवढेच. नुकत्याच जन्मलेल्या, कंगाल बांगलादेशला पाकिस्तानची मान्यता हवी होती, तिकडे अडकलेली आपली माणसे परत आणायची होती. त्याची अडचण खरी होती. तरी तो कागद आज कुणाच्या हातात हत्यार झाला आहे, ते आपण पाहतोच आहोत.

जुन्या कत्तलीला वंशसंहार म्हटले की मित्रदेश दुरावतात, असा एक आक्षेप असतो. किंमत पडते, हे मान्य. ऑटोमन तुर्कांच्या राजवटीतील आर्मेनियन वंशसंहाराचा ठराव जर्मन संसदेने जून २०१६ मध्ये केला, तेव्हा तुर्कस्तानने राजदूत माघारी बोलावला आणि आपल्या इंजिर्लिक हवाई तळावर काही काळ जर्मन खासदारांना येऊ दिले नाही. पण राजदूत काही महिन्यांत परतला आणि दोन्ही देश आजही ‘नाटो’त आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी तोच शब्द उच्चारला, तेव्हाही तुर्कस्तान खवळला, पण युती सोडून गेला नाही.

ढाक्यात २०२४ च्या सत्तांतरानंतर वारे फिरले, आता कशाला बोलायचे, असेही काहीजण म्हणतील. मला तर आताच बोलणे अधिक गरजेचे वाटते. १९७१ चे मृत हे कुठल्या एका पक्षाचे नव्हते. मात्र बोलायचे तर पुरते बोलावे. मृतांच्या आकड्यावर वाद आहे, तो लपवू नये. बंगाली जमावांनी उर्दूभाषक बिहारींना मारले, तेही सांगावे, भले आपल्या मित्राला ते टोचो.

भंडाऱ्याच्या एका खेड्यातून हे का लिहितो? १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या, आता गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर या बंगाली वसाहती आहेत. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेल्या कुटुंबांच्या. त्याच तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितही राहतात. म्हणजे परराष्ट्र धोरणाची झळ सोसलेली माणसे आमच्या शेजारचीच आहेत.

आमचे तुमसर आणि त्यांचे अर्जुनी मोरगाव एकाच भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात येतात. आमच्या खासदारांनी अशासकीय ठराव मांडून ३१ मार्च १९७१ च्या ठरावाचा पुनरुच्चार करण्याची मागणी करावी, आणि १९७४ च्या कराराने १९७१ चा वंशसंहार मिटला असे भारत मानत नाही, हे सरकारकडून सभागृहात वदवून घ्यावे.

– एक वाचक, आंबागड (ता. तुमसर, जि. भंडारा)