रीडिंगसोबत प्रोबही लिहा

हॉबीच्या तासाला ९ व्होल्टची बॅटरी, १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर आणि ऑसिलोस्कोप घ्या. रेझिस्टर एकसरीत जोडले, तर मधल्या जोडावर किती व्होल्ट येतील? दहावीचा कोणीही कॅडेट तोंडी सांगेल, ४.५. आता प्रोबचे बटण वन-एक्सवर ठेवून मोजा. पडद्यावर साधारण ३ व्होल्ट दिसतील. बॅटरी ठीक, रेझिस्टर ठीक, ऑसिलोस्कोपही ठीक. मग दीड व्होल्ट गेले कुठे?

ऑसिलोस्कोपला स्वतःचा साधारण १ मेगाओहमचा रोध असतो. प्रोब टेकवताच तो खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला जातो आणि दोघांचा मिळून अर्धा मेगाओहम होतो. म्हणजे ३ हे रीडिंग खोटे नाही. प्रोब लावलेल्या सर्किटचे ते खरे रीडिंग आहे. बटण टेन-एक्सवर सरकवले की प्रोबमधला ९ मेगाओहमचा रोध मध्ये येतो, एकूण रोध १० होतो आणि रीडिंग ४.३ च्या आसपास जाते.

तरीही प्रॅक्टिकलच्या वहीत बहुतेक जण ४.५ लिहितात, कारण मार्क त्यालाच मिळतात. माझे मत असे की ३ लिहून त्याचे कारण सांगणाऱ्याला पूर्ण मार्क मिळावेत आणि रीडिंगच्या शेजारी प्रोबचा एक रकाना असावा.

कोणी म्हणेल, सरळ टेन-एक्सच वापरा. बहुतेक वेळा ते योग्यच आहे. पण त्यात सिग्नल दहापट लहान होतो. काही मिलिव्होल्टचा सिग्नल मोजायचा तर वन-एक्स लागतो. म्हणून कोणता प्रोब वापरला, हे लिहिणेच महत्त्वाचे.

माझे घर भिलाईत, रिसालीला. भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ बनतात. रुळाच्या आतला दोष शोधायला अल्ट्रासॉनिक लहरी सोडतात. लहर दोषावर आदळून परतते आणि रूळ होता तसाच राहतो. प्रोबचे तसे नाही. तो सर्किटमधून थोडा करंट घेतोच.

उद्या आपल्यातले काही जण वायरलेस सेट आणि रडार दुरुस्त करतील. अपेक्षित आकडा लिहायची सवय तोवर टिकली, तर बिघडलेला सेटही वहीत ठीकच दिसेल.