मानशीला राखणदार हवा

सन २०२२ च्या जून महिन्यात, ऐन पावसाळ्याच्या आरंभी, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेचा सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केला. नद्यांची पातळी आणि पाऊस यांची नोंद ज्या यंत्रणेने ठेवावयाची, तिच्याच फायली उघडेनाशा झाल्या आणि त्या सोडविण्यासाठी बिटकॉइनच्या रूपाने खंडणी मागण्यात आली. चोवीस तास चालू असलेली इंटरनेटची जोडणी, विषाणूप्रतिबंधक व्यवस्थेचा अभाव आणि कालबाह्य फायरवॉल, ही कारणे खात्याच्याच तक्रारीतून तेव्हा जनतेपुढे आली.

फायरवॉल कालबाह्य म्हटली की नवी विकत घ्यावी, एवढाच बोध सरकारी कचेऱ्यांत घेतला जातो. निविदा निघते, पेटी येते, भिंतीवर चढते आणि विषय संपतो. आमच्या मते खरा विषय तेथे सुरू होतो. पेटीला स्वतःची अक्कल नसते. तिला लिहून दिलेले नियम हीच तिची अक्कल. ते नियम कोणी लिहिले, कशासाठी लिहिले आणि शेवटचे कोणी वाचले, हे विचारणारा कोणी नसेल तर नवी पेटीही जुन्याइतकीच निरुपयोगी ठरते.

ज्याने खाजन शेती पाहिली आहे त्याला हे समजण्यास परिभाषेची गरज नाही. बांध खाऱ्या पाण्याला अडवितो. परंतु नुसताच बांध असेल तर पावसाचे पाणी शेतात तुंबून राहील, म्हणून बांधाला मानस असते. ओहोटीला तिची दारे उघडतात व शेतातले पाणी बाहेर जाते; भरतीचा दाब आला की तीच दारे मिटतात. फायरवॉलचे कार्य याच जातीचे आहे. प्रत्येक पॅकेट कोठून निघाले, कोठे जाणार, कोणत्या क्रमांकाच्या पोर्टवर आले, हे पाहून ती वाट देते अथवा नाकारते. आतल्या संगणकाने आपण होऊन कोणाशी बोलणे सुरू केले असेल, तर त्याचे उत्तर तेवढे आत सोडण्याइतकी स्मरणशक्तीही तिला असते.

नियम लिहिण्याच्या रीती दोन. जे घातक ठाऊक आहे तेवढे अडवावे व उरलेले मोकळे ठेवावे, ही एक. जे आवश्यक आहे तेवढे सोडावे व उरलेले सर्व बंद ठेवावे, ही दुसरी. पहिली सोयीची आहे, पण उद्याचा घातकी आज ठाऊक नसतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या विषाणूने जगभर हाहाकार उडविला. विंडोजच्या फायली परस्परांत वाटून घेण्याच्या सोयीतून, म्हणजे पोर्ट ४४५ मधून, तो शिरत होता. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. तरीही इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एकतृतीयांश न्यासांचे काम विस्कळीत झाले. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी स्पष्ट सांगितले की, दुरुस्ती केलेली असो वा नसो, इंटरनेटकडे तोंड असलेल्या फायरवॉलची नीट व्यवस्था ठेवली असती तर या संस्थांचा बचाव झाला असता. फायली वाटून घेण्याची ही सोय एका इमारतीच्या आतली. तिचे दार साऱ्या जगाकडे उघडे ठेवण्याचे प्रयोजन काय?

पूरनिरीक्षणासारख्या यंत्रणेला किती दारे लागतात? नदीकाठच्या उपकरणांनी आपली मोजणी पाठवावी, ती ठरलेल्या पत्त्यांवरून व ठरलेल्या पोर्टवर. जनतेला आकडे दाखवावयाचे तर पोर्ट ४४३. दूरस्थ डेस्कटॉपचे पोर्ट ३३८९ इंटरनेटवर कदापि उघडे नसावे. दुरुस्तीसाठी येणाऱ्या अभियंत्याने व्हीपीएनमधून, आपली ओळख पटवून यावे. बाहेर जाणारी वाहतूकही मोजकीच हवी, कारण आत शिरलेला चोर धन्याला निरोप धाडतो तो बाहेरच्याच वाटेने. उरलेले सारे शेवटच्या नियमाने बंद व्हावे आणि जे अडविले त्याची नोंद राहावी.

हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. खाजनांची हानी केवळ भरतीमुळे होत नाही. मानशीवर मासे पकडण्याचा मक्ता घेणारा अधिक मासळीच्या लोभाने दारे भलत्या वेळी उघडी ठेवतो आणि खारे पाणी भातशेतीत शिरते, ही तक्रार गोव्याला नवी नाही. संगणकातही असेच घडते. कंत्राटदाराचे काम अडले म्हणून ‘कोठूनही कोठेही’ असा एक नियम तात्पुरता घातला जातो. काम संपते, नियम राहतो. बहुतेक फायरवॉली नियम वरून खाली वाचतात आणि जो प्रथम लागू पडेल तो पाळतात. म्हणून असा एक नियम वर बसला की खालचे दहा कडक नियम शोभेचे होतात. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी कसोशीने नियम लिहावेत आणि आयपीव्ही६ चे दार सताड उघडे राहावे, असेही घडते.

फायरवॉल म्हणजे सर्वस्व नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. वेळेवर दुरुस्त्या आणि जोडणीबाहेर ठेवलेली माहितीची प्रत यांवाचून कोणतीही यंत्रणा सुरक्षित नाही. कडक नियमांनी काम खोळंबते, हा अधिकाऱ्यांचा आक्षेपही सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यावरील उपाय दार उघडे टाकणे हा नसून, योग्य मागणीला त्वरित परवानगी देणारा जबाबदार माणूस नेमणे हा आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घटना ६ तासांत कळविणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. नोंदी जपल्या जातील. त्या वाचणार कोण?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी खात्यात फायरवॉलच्या नियमांची एक वही असावी. प्रत्येक नियमापुढे तो मागणाऱ्याचे नाव, कारण आणि मुदतीची तारीख असावी. मुदत संपली की नियम आपोआप रद्द व्हावा. पावसाळ्यापूर्वी जसे बांध तपासले जातात, तशी ही वही दरवर्षी वैशाखात जाणकाराकडून तपासून घ्यावी. पूर आला तर किती पाणी चढले हे नदीकाठच्या माणसाला वेळेवर कळणे, हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. त्या माहितीच्या दारावर कोणाचा पहारा आहे, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. आणि त्याचे उत्तर एका नावाने मिळाले पाहिजे, निविदेच्या क्रमांकाने नव्हे.