ताठपणाची थाप

आमच्या पूल पार्लरमध्ये हल्ली एक वाक्य रोज कानावर पडतं. "कार्बन शाफ्ट घे, डिफ्लेक्शनचा विषयच संपला." सांगणारा एकतर विकणारा असतो, नाहीतर नुकताच दोन महिन्यांचा पगार त्यात घालून बसलेला असतो. मी दुसऱ्या जातीचा.

आधी भानगड काय आहे ते पाहू. पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर तो क्यूच्या रेषेत जातो. पण साइड द्यायची म्हणून उजवीकडे मारलं की तो त्या रेषेच्या जरासा डावीकडे निसटतो. हेच डिफ्लेक्शन, किंवा स्क्वर्ट. जरासा म्हणजे किती? दोन अंश धरा. दीड मीटरवर तो फरक पाच सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि पूलचा बॉल असतो 57 मिलिमीटरचा. म्हणजे जवळपास अख्खा बॉल चुकला. क्यू सरळ गेला, हात हलला नाही, तरी शॉट हुकला. नवी पोरं इथेच स्वतःच्या हाताला शिव्या घालतात.

असं का होतं, याचं पार्लरमधलं उत्तर ठरलेलं आहे: लाकूड वाकतं म्हणून बॉल भरकटतो, कार्बन ताठ म्हणून सरळ जातो. ऐकायला झकास, आणि साफ उलटं.

टिप बॉलच्या एका बाजूला टेकते. बॉल फिरायला लागतो आणि टिपला आपल्यासोबत बाहेर रेटतो. टिप एका बाजूला रेटली गेली की तेवढाच धक्का बॉलला दुसऱ्या बाजूला बसतो. शाफ्टचं टोक जड असेल तर हा धक्का मोठा, हलकं असेल तर लहान. मुख्य हिशेब एवढाच. शिवाय टिप आणि बॉलची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती. तेवढ्या वेळात बाजूचा हा हिसका टिपपासून मागे काही इंचच पोचतो. जॉइंट, बटमधलं वजन, तुमची मूठ यांना खबर लागेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. तेव्हा जॉइंट बदलून डिफ्लेक्शन कमी करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

ताठपणाचाही थोडा वाटा आहे, पण तो त्यांच्या विरुद्ध जातो. ताठ शाफ्टमध्ये हिसका मागे जास्त वेगाने पळतो, त्यामुळे शाफ्टचा जास्त भाग त्यात ओढला जातो आणि टोक जणू जड होतं. कार्बन शाफ्ट कमी डिफ्लेक्ट करतो तो ताठ असूनही, कारण तो पातळ भिंतीची नळी आहे आणि त्याचं टोक हलकं आहे.

हे टोक हलकं करायला कार्बनच लागतो असंही नाही. प्रीडेटरचा 314 शाफ्ट 1990च्या दशकातला, आणि मेपलचाच. पाचरीसारखे तुकडे चिकटवून केलेला, पुढच्या काही इंचांत आतून पोकळ, फेरूल आखूड आणि हलकं. पाचरींमुळे शाफ्ट हातात कसाही फिरवून धरला तरी सारखा वागतो. त्याच कंपनीचा कार्बनचा रेव्हो आला 2016च्या सुमारास. म्हणजे मूळ युक्ती लाकडातच करून झालेली होती.

मग भले भले खेळाडू असे शाफ्ट का वापरतात? कारण ते दिवसभर लांबचे शॉट साइड देऊन जोरात मारतात. नेम जितका कमी सरकवावा लागेल तितकं त्यांचं काम सोपं. त्याला माझी ना नाही. चीड येते ती "विषयच संपला" याची. टिपला वजन आहे तोवर डिफ्लेक्शन राहणार.

मी सहा वर्षं भरीव मेपलने खेळलो. नेम किती सरकवायचा हे डोळ्याला न सांगता कळायचं. नवा शाफ्ट लावला आणि तीच सवय मला दुसऱ्या बाजूला चुकवायला लागली. दुकानदार म्हणाला, "हात बसेल." बसला, चार महिन्यांनी. हळू शॉटचं मात्र तो काहीच बोलला नव्हता. क्यू मागून जरा उचललेला असतोच, त्यामुळे साइड दिलेला बॉल पुढे जाता जाता वळून परत येतो. आमच्याकडच्या जुन्या, मंद कापडावर तर चांगलाच वळतो. जुन्या शाफ्टचं निसटणं आणि हे वळणं एकमेकांना बरंचसं खाऊन टाकायचं. नव्यात निसटणं कमी, मग वळणं उरतं आणि बॉल भलतीकडे जातो.

पैसे मोजण्याआधी तासभर टेबल घ्या. समोरच्या बॉलवर पांढऱ्याचा फुल नेम धरा. ब्रिजचा हात हलवू नका, फक्त मागचा हात सरकवून टिप बाजूला न्या आणि जोरात मारा. समोरचा बॉल फुल लागला तर ब्रिजपासून पांढऱ्यापर्यंतचं ते अंतर तुमच्या शाफ्टचं. चुकला तर ब्रिज पुढेमागे करून पुन्हा मारा. टोक जड असेल तर हे अंतर कमी निघतं, हलकं असेल तर जास्त. माझ्या जुन्या शाफ्टचं निघालं अकरा इंच, आणि माझा ब्रिजही नेहमी तिथेच पडतो. नव्याचं एवढं लांब निघालं की कुशनजवळ तिथे हात ठेवणं मला जमतच नाही. ही मोजणी मी केली पावती फाडल्यानंतर. खिडकीजवळच्या मंद टेबलावर खेळायचं असलं की अजून जुनाच शाफ्ट नेतो.