एकोणचाळीस लाखांचा कागद

माझ्या नवऱ्याच्या कंपनीत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, लागली आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कायम कामगाराच्या हातात पत्र पडलं. पत्रात खाली, ठळक अक्षरात, एकूण रक्कम : ३९ लाख रुपये. येत्या शुक्रवारी मुदत संपते. पहिल्या टप्प्यात फॉर्म भरणाऱ्यांना वर एक लाख जास्त होते, ती तारीख गेली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाई जेवतानाही विचारतात, ‘काय ठरलं रे?’

आमच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात हे पत्र नवं नाही. २००७ मध्ये आकुर्डीचा बजाजचा कारखाना थांबला तेव्हाही ते घरोघर आलं होतं. तरी आपल्या घरात येतं तेव्हा प्रत्येकाला ते पहिल्यांदाच वाचावं लागतं, आणि वाचायला मदत करणारं कुणी नसतं. एचआरवाले मदत करतात, पण त्यांना फॉर्म हवे असतात. युनियनचं काय चाललंय ते कळत नाही. नातेवाईक आकडा ऐकतात आणि म्हणतात, ‘एवढे पैसे एकदम कुठे बघायला मिळतात? घेऊन टाका.’ म्हणून आम्ही दोघांनी ते पत्र कसं वाचलं, ते इथे लिहिते आहे. कुणाच्या तरी घरात उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, ते ३९ लाख नाहीतच. त्यात साडेपाच लाख ग्रॅच्युइटीचे आहेत आणि दीडेक लाख शिल्लक रजेचे. हे पैसे पंचवीस वर्षांच्या नोकरीचे आहेत. नवरा उद्या साधा राजीनामा देऊन निघाला तरी ते त्याचेच. कंपनी जाण्यासाठी म्हणून जे देते आहे ते ३२ लाख. त्यातले ५ लाख करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच. उरलेल्यावर कर. तो कापून हातात येणार सत्तावीस-अठ्ठावीस लाख. म्हणजे मोठ्या आकड्यातले अकरा लाख वजाबाकीतच गेले, आणि या वजाबाकीची एक ओळही पत्रात नाही.

मग नवऱ्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दुसरा हिशेब मांडला. तो आज ४९ वर्षांचा आहे, निवृत्ती ५८ ला. हातात येणारा पगार ५२ हजार. एकशे आठ महिने राहिले. पगारवाढ धरली नाही, बोनस धरला नाही, तरी ५६ लाख होतात. व्हीआरएसचे पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर महिना सोळा हजार व्याज. सध्याच्या खर्चाइतके, म्हणजे ५२ हजार, दरमहा काढत गेलो तर पाच वर्षं आणि थोडे महिने पुरतील. महागाई वाढणार नाही, कुणी आजारी पडणार नाही, असं धरून. तेव्हा तो चोपन्न-पंचावन्न वर्षांचा असेल. पीएफची पूर्ण पेन्शन ५८ ला. पन्नाशीनंतर ती आधी घेता येते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कापून.

पगार आपण कधी एकरकमी मोजत नाही. तो एक तारखेला येतो आणि दहा तारखेपर्यंत वाटेला लागतो. व्हीआरएस मात्र एकरकमी सांगतात. दोन्ही एकाच मापाने मोजल्याशिवाय कुणीही सही करू नये असं माझं ठाम मत आहे. एक तर दोन्हीची बेरीज करा, नाहीतर दोन्ही महिन्यावर आणा. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हे झालं नाही.

माझ्या माहेरी झालं नाही. बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टर्नर होते. नव्वदच्या दशकात त्यांनी व्हीआरएस घेतली. पैसे आले त्या महिन्यापासून घरी माणसं यायला लागली. एका चुलत्याला विहिरीसाठी हवे होते, एका मामाला टेम्पोसाठी. गावच्या घराला स्लॅब घातला. माझं लग्न त्याच पैशांत झालं, आणि चांगलं झालं. बाबांनी कुणाला नाही म्हटलं नाही, कारण पगारातून मागणाऱ्याला ‘या महिन्यात जमत नाही’ असं सांगता येतं, बँकेत पडलेल्या लाखांबद्दल तसं सांगता येत नाही. तीन-चार वर्षांत ते दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचा गणवेश घालून उभे राहायला लागले. ज्या हाताने मायक्रॉनमध्ये माप धरलं, तो हात गेटपासवर शिक्के मारत होता. मी माहेरी गेले की ते डबा भरून रात्रपाळीला निघालेले असायचे. म्हणून हे पत्र आलं त्या दिवशी मी नवऱ्याला एकच विनंती केली, ‘आकडा कुणाला सांगू नकोस.’

व्हीआरएस घेणारे सगळे फसतात असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बीएसएनएलची योजना आली, वयाची पन्नाशी गाठलेल्यांसाठी. झालेल्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा पगार आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा. ७८ हजारांवर लोकांनी ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२० ला ते एकाच दिवशी बाहेर पडले. मुंबई-दिल्लीच्या एमटीएनएलमधून आणखी चौदा हजारांवर. त्या वर्षात तिथे पगारच वेळेवर होत नव्हते, आणि बहुतेकांना सरकारी पेन्शन होती. ज्याला दर महिन्याला पेन्शन सुरू होणार आहे त्याच्यासाठी एकरकमी पैसे हे वरचे पैसे असतात. त्यांनी घेतली ती शहाणपणाने घेतली. त्यातल्या ज्यांनी लगेच दुकान किंवा गाडी घातली त्यांच्यापुढे दोन महिन्यांत लॉकडाऊन उभा राहिला. खासगी कारखान्यातल्या माणसाने बीएसएनएलचं उदाहरण स्वतःला लावू नये, एवढंच. आमच्याकडे सासऱ्यांच्या मित्राने ते लावून दाखवलं आणि दोन दिवस घरात गोंधळ झाला.

न घेण्यालाही किंमत आहे, आणि तिने आम्हाला जास्त छळलं. कंपनीने उद्या कपात केली तर कायद्याने किमान भरपाई प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. पंचवीस वर्षांचे साधारण बारा-साडेबारा महिन्यांचे पैसे होतात. कुठे ३२ लाख आणि कुठे सात-आठ लाख. एचआरच्या केबिनमध्ये हे थेट बोलत नाहीत, ‘पुढचं आम्ही सांगू शकत नाही’ एवढंच म्हणतात. माणूस रात्रभर जागा राहतो तो या वाक्यामुळे. मोठा कारखाना बंद करायला किंवा कपात करायला सरकारची परवानगी लागते, म्हणून तर मालकांनी ही स्वेच्छेची वाट काढली. पूर्वी शंभर कामगारांपासून परवानगी लागायची. नव्या कामगार संहितेत ती मर्यादा तीनशेवर नेली. नवऱ्याच्या कंपनीत कायम कामगार आता तीनशेच्या थोडे वर आहेत. या योजनेत किती जण जातात त्यावर पुढे खूप अवलंबून आहे, आणि हे कंपनीलाही ठाऊक असणारच.

तेव्हा प्रश्न पॅकेजचा कमी आणि कंपनीचा जास्त होता. ही कंपनी इथे राहणार आहे का? त्याचं उत्तर पत्रात मिळत नाही, शॉपमध्ये मिळतं. नवऱ्याचा एक जुना सुपरवायझर त्याला म्हणाला, ‘डाय कुठे चालल्यात ते बघ. माणसांवर लक्ष नको ठेवूस.’ टूलरूममधल्या डाय आणि फिक्स्चर ट्रकवर चढून बाहेर जायला लागले की त्या लाईनचे दिवस भरले. कच्चा माल किती दिवसांचा येतो, मेंटेनन्सचं बजेट मिळतं का, बिघडलेल्या मशीनचे पार्ट मागवतात की दुसऱ्या मशीनचे काढून बसवतात, हे सगळं रोज डोळ्यासमोर असतं. त्याने नीट पाहिलं. जुन्या प्रेस लाईनच्या डाय खरंच गेल्या. त्याच्या मशीन शॉपमध्ये मात्र दिवाळीनंतर दोन नवी मशीनं बसली आणि त्यांचं ट्रेनिंग त्यालाच दिलं. ही खात्री नव्हे. पण ३९ लाखांच्या आकड्यापेक्षा जास्त खरी माहिती आहे.

त्याच्याच लाईनवरचा मित्र फॉर्म भरून मोकळा झाला. त्याने बरोबरच केलं. जुन्नरला ओलिताखालची जमीन आहे, मुलगा कमावता झाला, घर कर्जाचं नाही, आणि गुडघे उभ्याच्या कामाने गेले आहेत. त्याला पैशांपेक्षा सुटका हवी होती. आमच्याकडे गृहकर्जाची सहा वर्षं उरलीत, धाकटी बारावीला, आणि सासूबाईंचं डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर चालू आहे. नोकरी गेली की ती पॉलिसी जाते. त्यांच्या वयाला आणि या आजाराला बाहेर नवी पॉलिसी कोण देणार? पत्रातल्या कुठल्याच रकान्यात मेडिक्लेम नाही, पण आमच्या घरात तोच सगळ्यात जड निघाला. शिवाय एकोणपन्नासाव्या वर्षी चाकणमध्ये कंत्राटदाराकडे वीस हजारांच्या वर कुणी बोलत नाही, हे त्याने फोन करून बघितलं होतं.

एक गोष्ट अजून, कारण ती फार जणांना माहीत नसते. सन २००० च्या बँकांच्या व्हीआरएसमध्ये अनेकांनी अर्ज दिला आणि मग मागे घ्यायचा म्हटला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २००२ मध्ये कोर्टाने राष्ट्रीयीकृत बँकांच्या बाबतीत सांगितलं की योजना हे नुसतं निमंत्रण, कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव, आणि तो मंजूर होईपर्यंत मागे घेता येतो. पैसे उचलल्यावर मात्र नाही. प्रत्येक योजनेची कलमं वेगळी असतात, म्हणून आपल्या पत्रातली वाचून घ्यावीत. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात कोर्टाने हेही म्हटलं की व्हीआरएसची रक्कम घेऊन माणूस बाहेर पडला की मागच्या पगारवाढीचे वगैरे दावे संपतात. करार रखडलेला असेल तर त्याचे पैसे आधी विचारावेत, सही नंतर.

गेल्या रविवारी आम्ही चौघं बसलो, मुलीलाही बसवलं. नवरा म्हणाला, ‘मला अजून काम येतं, आणि मला ते करायचं आहे.’ सासूबाई म्हणाल्या, ‘माझ्यासाठी थांबू नकोस.’ त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने कॅलेंडर उलटं केलं आणि कर्जाचे हप्ते मांडायला घेतले.

आम्ही फॉर्म भरत नाही आहोत. एचआरचं पुन्हा बोलावणं आलंय, बुधवारी तो जाऊन तसं सांगेल. बोनस, रजेचे पैसे आणि माझी भिशी घालून सहा वर्षांचं कर्ज तीन वर्षांत फेडायचं ठरवलं आहे, आणि सासूबाईंच्या उपचारांसाठी वेगळं खातं उघडलं आहे. कंपनीत पुन्हा स्कीम लागेल, आणि तेव्हाचा आकडा याहून लहान असेल. तोवर घर आमचं झालेलं असलं पाहिजे.