डॉ. सेन यांना जे मिळाले नाही

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसवले. केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले हृदय प्रत्यारोपण केले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांची शस्त्रक्रिया आशियातली पहिली. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी त्यांनी केलेला दुसरा प्रयत्नही फसला. भारतात यश आले ते थेट १९९४ मध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.

मधे सव्वीस वर्षे का गेली? सेन यांच्या चमूचा हात कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून तयार झाला होता. पण शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून लागणारे सायक्लोस्पोरिन हे औषध रुळेपर्यंत सेन हयात राहिले नाहीत. मेंदू थांबलेल्या माणसाचे धडधडते हृदय काढू देणारा कायदाही नव्हता. मेंदू कायमचा थांबला की माणूस मेला, हा निकष हार्वर्डच्या समितीने मांडला तोच ऑगस्ट १९६८ मध्ये. आपल्या कायद्यात तो १९९४ साली आला. संसदेने हा कायदा करावा, असा ठराव आधी तीन राज्यांनी केला होता: गोवा, हिमाचल प्रदेश आणि आपला महाराष्ट्र.

सेन यांना न मिळालेले औषध आणि कायदा, दोन्ही आज आहेत. मी पुण्यात अवयव प्रत्यारोपण समन्वयक आहे. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलणे हे माझे काम. "ताई, छाती हलतेय ना अजून त्याची?" असे एखादी आई विचारते, तेव्हा मी तिच्याजवळ बसते. तो श्वास मशीनचा आहे, चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा मेंदूमृत्यूची तपासणी करतात, व्हेंटिलेटर काढून रुग्ण स्वतः श्वास घेतो का हेही पाहतात, हे सगळे सांगते. दुःखात बुडालेली माणसेही समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

अडते ते त्याआधीच. कित्येक रुग्णालयांत या तपासण्याच होत नाहीत. रुग्ण हृदय थांबेपर्यंत व्हेंटिलेटरवर राहतो, कुटुंबाला कुणी काही सांगत नाही आणि आम्हाला फोन येत नाही. यकृत, मूत्रपिंडे, हृदय सगळेच वाया जाते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आयसीयूत किती मृत्यू झाले, किती रुग्णांची मेंदूमृत्यूची तपासणी झाली आणि किती कुटुंबांना अवयवदानाबद्दल विचारले, हे प्रत्येक रुग्णालयाने दरमहा जाहीर करावे. जे करणार नाहीत, त्यांना सरकारने जाब विचारावा. नकार देणे हा कुटुंबाचा हक्क आहे आणि मी तो मान खाली घालून स्वीकारते. पण त्यांना न विचारताच त्यांच्या वतीने नकार देण्याचा हक्क कुठल्याही रुग्णालयाला नाही.